सोळा पानांचं शहर

४ फेब्रुवारी

चि. मुलीस,

पाणी भरून झालं होतं, दुकानासमोरचं झाडून झालं होतं, आणि मी शेगडीवर खळ ढवळत होते. एक भांडं मैदा, चार भांडी पाणी, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. पुस्तकं बांधणाऱ्याच्या घरात सकाळी आधी खळ शिजते, माणसांचा चहा मागून. तू निघालीस ती सकाळ मला एवढीच आठवते. मागं वळून बघितलं तर दारात तू नव्हतीस आणि तुझी ट्रंकही नव्हती.

हे लिहायला बसले नव्हते. पत्राची सुरुवात कशी करायची ते कळेना, म्हणून हात आपोआप तिकडे गेला. खोडत नाही. कागद चांगला आहे.

काम असं आहे. मला शहर बघायचं आहे. तीन दिवस, जास्त नाही. तुझ्याकडे उतरणार नाही, तेव्हा घाबरू नकोस. स्टेशनासमोर बायकांसाठी एक लॉज आहे म्हणतात, तिथं राहीन. मी एका वहीत सगळा बेत लिहून काढला आहे. तू तिथं अकरा वर्षं आहेस. बेत बरोबर आहे की नाही एवढंच मला कळव.

तुझे बाबा गेले त्याला पाच महिने झाले. शहरातल्या कापडवाल्याला मी दोन ओळी टाकल्या होत्या, की मालक गेले, यंदा पुस्तकबांधणीचं कापड नको. आठव्या दिवशी तुझं चार ओळींचं पत्र आलं. त्यावर पत्ता होता. कापडवाल्याला टाकलेलं पत्र तुला कसं कळलं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या दिवसांत डोक्यात काहीच येत नव्हतं.

तू गेल्यावर हे दर वर्षी शहरात जाऊ लागले. त्याआधी कापड पार्सलनं यायचं. म्हणाले, पार्सलचं कापड डागी निघतं, स्वतः बघून आणलेलं बरं. थंडी सुरू झाली की जायचे आणि तीन दिवसांनी यायचे. दहा वेळा गेले. आले की हातपाय धुवायचे आणि मला शहर सांगायला बसायचे. मी फर्मे शिवत ऐकायची. (तुला आठवत असेल, मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घातली की एक फर्मा होतो. मला वाचायला शाळेनं शिकवलं नाही, या फर्म्यांनी शिकवलं. त्यामुळे मी जगातल्या पुष्कळ गोष्टी तेहतिसाव्या पानापासून अठ्ठेचाळिसाव्या पानापर्यंत वाचल्या आहेत. कोण कुणाचं काय झालं ते विचारू नकोस.)

तर बेत. पहिल्या दिवशी सकाळी संग्रहालय. ते बघून मागच्या दारानं बाहेर पडायचं, पायऱ्या उतरायच्या, की समोर तलाव. तिथं होडीत बसायचं. ह्यांनी सांगितलं होतं की होडीवाल्याकडून आधीच कबूल करून घ्यायचं, मध्ये नेऊन जास्त मागतो. दुसऱ्या दिवशी घड्याळाचा मनोरा, दोनशे बारा पायऱ्या. माझे गुडघे बरे आहेत. मग काचघर, ज्यात परदेशी झाडं ठेवली आहेत. तिसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

पाणघोडी मला बघायचीच आहे. पहिल्या वर्षी हे सांगत आले, की एक पाणघोडी आहे, कोपऱ्यात एकटी बसते, कुणाकडे बघत नाही, पण खाते नीट. दुसऱ्या वर्षी तिला पिल्लू झालं होतं. त्यानंतर दर वर्षी आधी पिल्लाची बातमी, मग बाकीचं शहर. सगळं सांगून झालं की विचारायचे, "आणखी काही विचारायचंय का?" मी मनोऱ्याच्या पायऱ्या विचारायची. आकडा ऐकायला मला आवडायचं.

पुढच्या वर्षी तुला नेतो, असं दहाही वर्षी म्हणाले. दोघं गेलो तर दुकान कोण बघणार, असंही दहाही वर्षी म्हणाले. आता दुकान बघायला कुणी नाही आणि मला थांबवायलाही कुणी नाही. मार्च लागायच्या आत येईन म्हणते. उत्तर दे.

आई


१३ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझं पत्र काल मिळालं. चार ओळींपेक्षा जास्त आहे, बरं वाटलं. पण वाचून झाल्यावर मी ते उलटून बघितलं, भलत्याच कुणाचं तर नाही ना म्हणून.

तू लिहितेस की घड्याळाचा मनोरा तू तिथं जायच्या आधीच पाडला. तिथं आता मोटारी ठेवायची चारमजली इमारत आहे. संग्रहालय आणि तलाव शहराच्या दोन टोकांना आहेत, बसनं दीड तास लागतो. काचघराच्या काचा वादळात फुटल्या, ते बंदच आहे. प्राणी शहराबाहेर हलवले त्यालाही वीस वर्षं झाली.

हे सगळं तू अगदी सावकाश, एकेक करून लिहिलं आहेस. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं.

तुझी काहीतरी चूक होत असेल. एवढं मोठं शहर, तू कामाला जातेस नि घरी येतेस, सगळं कुठून बघितलं असशील? गेल्या वर्षी ह्यांनी त्या मनोऱ्याचे ठोके ऐकले. मला सांगितलं, दुपारचे बारा वाजले तेव्हा मी खाली उभा होतो, कबुतरं उडाली. कबुतरं उडाली हे कुणी उगीच सांगेल का?

तुझं पत्र मी शिंपिणीला वाचून दाखवलं. समोर राहते तीच, खिडकीत शिवणयंत्र घेऊन बसणारी. तिची जीभ तुला ठाऊक आहे. आता दातही कमी झाले आहेत, त्यामुळे मध्ये काहीच अडत नाही.

"काय म्हणते लेक?"

"म्हणते, मनोरा नाही."

"नसेल."

"ह्यांनी गेल्या वर्षी ठोके ऐकले."

"मग दोघांपैकी एकाचे कान तपासायला हवेत. त्यांचे तर आता तपासता यायचे नाहीत."

मी उठायला लागले तर तिनं पदर धरून बसवलं. म्हणाली, "रागावू नकोस, पण मला एक सांग. पुरुषमाणूस तीन दिवस गावाला जातो आणि परत येऊन बायकोला पायऱ्यांचा आकडा सांगतो? आमचा माणूस कोर्टात जाऊन आला तरी 'झालं' एवढंच म्हणायचा. हरलो की जिंकलो ते मला शेजाऱ्यांकडून कळायचं. एवढं सगळं सांगणारा माणूस काहीतरी सांगत नसतो, बाई."

"काय सांगत नसतो?"

तिनं दोरा दातानं तोडला आणि यंत्र फिरवायला लागली.

घरी आले. जेवायला वाढून घेतलं आणि ताटासमोर बसून राहिले. तीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी बसून मी पुस्तकं शिवली, तो दर वर्षी तीन दिवस कुठं होता? या वयात असला प्रश्न पडावा, आणि उत्तर देणारा भिंतीवरच्या फोटोत. फोटोकडे बघितलं तर तेच, पाहुण्याला बसा म्हणावं तसं तोंड.

तुला काही माहीत असेल तर लपवू नकोस. वाईट असलं तरी चालेल. मी पुष्कळ वाईट गोष्टी वाचल्या आहेत.

आणि एक. तू सगळं खोडून काढलंस, पण पाणघोडीबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. ना ती आहे म्हणून, ना नाही म्हणून.

आई


१७ फेब्रुवारी

चि. मुलीस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. लिहिलं नाही तर हे मला शिंपिणीला सांगावं लागेल, आणि ते मला नको आहे.

ह्यांची प्रवासाची पिशवी आज माळ्यावरून काढली. तू काहीही लिही, मी शहरात येणारच आहे, तर पिशवी झाडून ठेवावी म्हटलं. तळाशी घडी राहावी म्हणून ह्यांनी पुठ्ठा घातला होता, अगदी मापात कापलेला. तो उचलला तर खाली एक फर्मा. वाया गेलेला, कडा न कापलेला, मळून मऊ झालेला. पहिल्या पानावर शहराचं नाव आणि खाली "प्रवाशांसाठी मार्गदर्शक". कुठल्या जुन्या कामातला असेल देव जाणे. असे उरलेले कागद आपल्याकडे पुठ्ठ्याच्या आत जातात, हा पिशवीत गेला.

जमिनीवर पसरून मी तो वाचला. सगळं होतं त्यात. संग्रहालय होतं, काचघर होतं. मनोऱ्याला दोनशे बारा पायऱ्या होत्या, आणि दुपारी बाराचे ठोके पडताच कबुतरांचा थवा उडतो हे पाहण्यासारखे असते, असंही होतं. होडीवाल्याशी दर आधी ठरवावा, हे तर शेवटी ठळक अक्षरात छापलं होतं.

मग मला तलाव सापडला. तू या घरात फर्म्यांच्या घड्या घालत वाढलीस म्हणून तुला समजेल. कागद उघडा पसरला की पानं ओळीनं येत नाहीत. चौथ्या पानाला चिकटून तेरावं पान असतं, नीट घडी घातल्यावरच पाचवं त्याच्या जागी येतं. या फर्म्याची घडी अर्धीच होती. चौथं पान संपतं ते असं: "संग्रहालयाच्या मागील दाराने पायऱ्या उतरल्यास समोर". आणि शेजारी तेरावं पान सुरू होतं: "विस्तीर्ण तलाव असून नौकाविहाराची सोय आहे." मी घडी घातली. पाचव्या पानावर आहे, "जुने न्यायालय दिसते."

जन्मभर पानांचे आकडे बघून घडी घालणारा माणूस. मजकूर वाचायचा त्यांना कंटाळा, आकडे मात्र झोपेत विचारले तरी बिनचूक. म्हणायचे, वाचणं तुझं खातं, मोजणं माझं. आणि इथं नेमके आकडे बघायला विसरले. परतीच्या गाडीत पिशवीतून कागद काढून घाईघाईनं वाचत असतील, घरी जाऊन हिला काय सांगू या काळजीत. दहा वर्षं मी ती वाट मनात चाललेय. संग्रहालयाच्या मागच्या पायऱ्या उतरून तलावाशी कितीदा तरी बसलेय. तसा तलाव कुठं नाहीच.

ह्यांनी शहर पाहिलेलंच नाही. ह्यांचं शहर सोळा पानांचं होतं.

मला रडू आलं नाही. उठून दुपारचं काम केलं. दोन पुस्तकं शिवली, टाके सरळ आले. हात इतके नीट चालत होते की त्याचीच भीती वाटली. भिंत पडली आहे आणि मी तिच्यावरचं कॅलेंडर सरळ करते आहे, असं काहीतरी.

मग संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली आणि मी कागद पुन्हा पसरला. पाणघोडी अकराव्या पानावर आहे. एकच ओळ आहे: "येथे एक पाणघोडाही आहे." बस. तो सुद्धा पाणघोडी नाही. ती एकटी बसते हे त्यात नाही. पिल्लू नाही. मी सोळाही पानं बोट ठेवून वाचली, उलट्या बाजूनंही वाचली. पिल्लू कुठंच नाही.

बाकीचं सगळं ह्यांनी कागदावरून सांगितलं. मग ते पिल्लू कुठून आलं?

आई


२६ फेब्रुवारी

टाचणे,

ही हाक ह्यांची. अंगानं काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून तुला टाचणी म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

तुझं पत्र परवा आलं. मी दुकानात उभ्यानंच उघडलं. "आई, ते पिल्लू दहा वर्षांचं आहे. पाचवीत आहे. पाण्याला अजून घाबरतं." एवढं वाचलं आणि खाली बसले. स्टूल दोन हातांवर होतं, तिथवर पोचले नाही. शिंपिणीनं खिडकीतून बघितलं आणि ओरडली.

"काय झालं गं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. आलंय."

"कोण आलंय?"

"नात."

"कुठाय?"

"दहा वर्षं झाली."

ती चपला न घालता रस्ता ओलांडून आली. मला पाणी पाजलं, पत्र स्वतः हातात घेतलं आणि उलटं धरून बघत बसली. तिला वाचता येत नाही हे तिच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

उरलेलं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे मलाही ऐकू आलं. पहिल्याच थंडीत हे कापडाच्या दुकानात आले आणि कापड मोजायला पुढं आलीस ती तू. तीन दिवस हे तुझ्या खोलीत बसायचे. दाराची कडी बसवली, खुर्चीचा पाय बसवला, पुढं नातीच्या सगळ्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घातली. स्टेशन ते तुझी गल्ली, यापलीकडे शहरात पाऊल टाकलं नाही. बाबा, जरा फिरून या म्हटलंस तर म्हणायचे, मला जे बघायचं ते इथं आहे.

कालपासून मी पाणघोडीच आठवते आहे. पहिल्या वर्षी: एकटी बसते, अंगानं भरली आहे, पण खाते नीट. दुसऱ्या वर्षी: पिल्लू झालंय, गजाला धरून उभं राहतं. चौथ्या की पाचव्या वर्षी: हट्टी आहे, मनासारखं झालं नाही की पाठ करून बसतं. मी म्हटलं होतं, पाणघोड्याची पाठ कळते तरी का? आठव्या वर्षी: पुढचा दात पडलाय, हसतं तेव्हा गंमत दिसते. मी म्हटलं, पाणघोडा हसतो? हे म्हणाले, हा हसतो. एकदा मी थट्टेनं विचारलं, पिल्लू दिसतं कुणासारखं? म्हणाले, तुझ्यासारखं. मी दोऱ्याचं रीळ फेकून मारलं. ते हसत बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

शेवटच्या वर्षी म्हणाले, यंदा पिल्लू फाटकापर्यंत आलं. मी लांब गेलो तरी उभंच होतं.

मला सगळं सांगितलं होतं गं त्यांनी. दर वर्षी समोर बसून. तुला पाणघोडी केलं म्हणून तू रागावू नकोस, सोळा पानांत दुसरं जिवंत काही नव्हतं.

तू बाबांना शपथ घातली होतीस, की आईनं स्वतः माझं नाव काढून विचारलं तर सांगा, नाही तर नाही. म्हणजे ते "आणखी काही विचारायचंय का?" हे होतं. दहा वेळा विचारलं त्यांनी. आणि मी दहा वेळा पायऱ्या मोजून घेतल्या.

मी का विचारलं नाही, ते आता लिहिते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मागं वळून बघितलं तर तू नव्हतीस. ते खोटं आहे. मी मागं वळलेच नाही.

तू सासरहून येऊन दोन दिवस झाले होते. दारात उभी राहून म्हणालीस, "आई, मी परत जाणार नाही. तू फक्त राहा म्हण." मी शेगडीकडे तोंड करून म्हटलं, "खळ लागेल." हात ढवळत राहिला. तू थांबलीस. किती वेळ ते मला माहीत आहे, कारण खळ त्या वेळात पातळची घट्ट झाली. मग ट्रंक उचलल्याचा आवाज आला, कडी वाजली. मी खळ उतरवली, गाळली, आणि मग दाराकडे बघितलं.

दुपारी हे बाहेरगावची पुस्तकं पोचवून आले. म्हणाले, टाचणी कुठाय? मी म्हटलं, न सांगता गेली. त्यांचा चेहरा उतरला. न सांगता गेली असेल तर तिचं नाव या घरात निघणार नाही, असं म्हणाले. आणि मला, देवा शपथ सांगते, सुटल्यासारखं वाटलं. नाव निघणार नाही म्हणजे माझं खोटंही निघणार नाही. लोकांना मी सांगत आले की बापानं दार बंद केलं. हे ऐकत होते आणि एकदाही म्हणाले नाहीत की दार मी बंद केलेलं नाही.

म्हणजे पहिल्याच थंडीत त्यांना तुझ्याकडून खरं कळलं होतं. घरी आले, हातपाय धुतले, आणि माझं खोटं माहीत असून मला पाणघोडी सांगितली. दहा वर्षं माझ्या समोर बसून जेवले. मी वाढत होते, ते जेवत होते, आणि त्यांना माहीत होतं. परवापासून मला घास उतरत नाही तो यामुळे. माणूस गेल्याचं दुःख मला उचलता आलं. हे कसं उचलायचं ते कळत नाही, याला धरायला कडाच नाही.

लोक काय म्हणतील म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. तेही पुरतं खरं नाही. मला वाटलं होतं तू दुपारपर्यंत थांबशील. मला थोडा वेळ हवा होता, खळ उतरवण्यापुरता. तू पोटुशी होतीस आणि आधी "राहा" ऐकून मग ते सांगणार होतीस, हे तुझ्या पत्रातून कळलं. तेवढा वेळ तुझ्याकडे नव्हता, हे मला कसं कळावं? पण वळून तोंड बघितलं असतं तर कळलं असतं. मी दोन मुलं पोटात वाढवली आहेत, एक राहिलं नाही, तू राहिलीस. मला तोंड बघून कळलं असतं.

पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या बाजूच्या फळीवर एक छोटी वही सापडली. ह्यांनी जायच्या आधी शिवून ठेवलेली, पुठ्ठा चढवायचा राहिलेला. अशी एक वही दर वर्षी करायचे, गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला म्हणून. हे नमुने कुणाला जायचे ते आता कळलं, यंदाचा अर्धाच राहिला होता. काल मी त्यावर पुठ्ठा चढवला, वर लहरींचा निळा अबरी कागद लावला. शिकंज्यात दाबून ठेवली आहे.

तू पत्राच्या शेवटी "ये" लिहिलं नाहीस, "येऊ नकोस" असंही लिहिलं नाहीस. मला राग नाही. मीही त्या सकाळी "जा" म्हटलं नव्हतं आणि "राहा"ही म्हटलं नव्हतं. शिंपीण म्हणते, "माय तशी लेक. आता एकीनं तरी तोंड उघडा, नाही तर त्या पोरीलाही हेच येईल."

माझा बेत आता असा आहे. मनोरा नको, तलाव नको. पाणघोडी आणि तिचं पिल्लू एवढंच बघायचं आहे. लांबून बघितलं तरी चालेल. फाटकाबाहेर उभी राहीन. तुम्ही कुणाकडे बघितलं नाहीत तरी चालेल. नीट खाता ना, एवढं बघून परत येईन.

शेगडीवर खळ आहे. सकाळपासून हे पत्र लिहिते आहे आणि मधून मधून उठून ढवळते आहे. आता वास यायला लागला आहे. शिंपीण समोरून ओरडते आहे, "अगं, जळतंय काहीतरी!" उठत नाही. आधी हे लिहिते.

राहा. मला राहा म्हणायचं होतं.

खळ लागली. लागू दे.


२८ फेब्रुवारी, स्टेशनासमोरची लॉज

टाचणे,

वरचं पत्र मी पोस्टात टाकलं नाही. पोस्टानं त्याला चार दिवस लागले असते, आणि चार दिवसांत माझा धीर गेला असता. ते माझ्याबरोबरच आलं आहे.

लॉजवाल्या बाईनं विचारलं, "काय काय बघणार?" मी म्हटलं, एक गल्ली. ती म्हणाली, "तीन दिवस?" मी म्हटलं, पुरले नाहीत तर वाढवीन. ती मला वेडी समजली असणार, पण खिडकीची खोली दिली. खिडकीतून कापडाचं दुकान दिसतं. इतकं जवळ आहे. ह्यांना खरंच फार चालावं लागलं नाही.

दुकान उघडलं की हे पत्र आणि वही घेऊन मी खाली उतरेन आणि मापाच्या टेबलाशी येऊन उभी राहीन. तुला काही बोलावंसं वाटलं नाही तर कापड मोजत राहा. मी थांबेन. किती वेळ थांबायचं असतं ते मला माहीत आहे.

एवढंच राहिलं सांगायचं. खळ लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले. पाणी भरलं नाही, झाडलं नाही, शेगडी पेटवली नाही. जळकं पातेलं तसंच पालथं घातलं, शिकंजा सोडवून वही काढली, ह्यांच्या पिशवीत तळाच्या पुठ्ठ्यावर ठेवली, दुकानाला कुलूप लावून किल्ली शिंपिणीला दिली आणि सव्वासातच्या गाडीत बसले.